फॉर्मवरची शेवटची ओळ

धायरीत बरीच वर्षं असं बोललं जायचं की शकू मस्कतहून जे पैसे पाठवते त्यांना करणी केलेली असते. ज्या कामाला पैसा आला त्याच कामाला लावला तर ठीक, दुसरीकडं वळवला की खाणाऱ्याचं पोट धरलंच म्हणून समजा. पुरावाही होता. शकूचा दीर संपत पत्र्याच्या पैशात जत्रेला बोकड कापून बसला आणि पुढचे तीन दिवस टमरेल घेऊन बांधाबांधानं पळत होता. त्याला पळताना पाहिलेली निदान पन्नास माणसं अजून हयात आहेत. विचारलं की सांगतात, आणि नाही विचारलं तरी सांगतात.

आता खरं सांगायचं तर करणीबिरणी काही नव्हती. बोकड भल्या सकाळी कापला आणि दिवस कलल्यावर चुलीवर चढला. चैत्रातल्या उन्हात मधल्या वेळात त्याचं जे व्हायचं ते झालं. शकूनं केलं होतं ते एवढंच. परदेशातून पैसे पाठवायचा जो फॉर्म असतो, त्याच्या तळाशी 'कशासाठी' म्हणून एक ओळ असते. ती ओळ ती रिकामी सोडत नव्हती. पण त्या ओळीनं धायरीत जे घडवलं ते गावातल्या कुठल्या देवऋष्याला कधी जमलं नाही, हेही तितकंच खरं.

शकूचा नवरा संभाजी खडीच्या ट्रकवर होता. घाटात ट्रक उलटला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी शकूचं कपाळ मोकळं झालं. घरात सासू मुक्ताबाई, दीर संपत आणि शकूची मुलगी मैना. रान होतं दीड एकर, विहीर होती पण तिची मोटार जळालेली. संपत तिशीला टेकला होता आणि अजून कुठल्या धंद्यात पडावं याचा विचार करत होता. हा विचार तो पारावर बसून करायचा, म्हणजे चार लोकांचा सल्ला मिळतो.

शकू कर्वेनगरला डॉक्टर सरोजिनीबाईंकडं स्वयंपाकाला जायची. ब्याऐंशी साली बाईंना मस्कतच्या इस्पितळात नोकरी लागली. दोन लहान मुलं, तिथं परका मुलूख, म्हणून त्या शकूलाही घेऊन जायला निघाल्या. गावानं नाकं मुरडली. विधवा बाई, समुद्रापार, कोण कुठले लोक. एकटा संपत मात्र तिच्या बाजूनं उभा राहिला. तिकडं मोप पैसा असतो असं त्याच्या कानावर होतं, आणि त्याच्या डोळ्यांपुढं एक काळी मोटारसायकल आधीच येऊन उभी होती.

जायच्या दिवशी शकूनं त्याला बाजूला घेतलं. मैना तेव्हा दहा वर्षांची, पाचवीत. शकू म्हणाली, "भावजी, पोरीला शाळंतनं काढायची न्हाय. मी जातीया ती येवढ्यासाठी. बाकी तुमी काय बी करा." संपतनं इतक्या लगेच मान डोलावली की शकू क्षणभर त्याच्याकडं बघतच राहिली. इतक्या झटकन मान डोलावणारा माणूस ती ओळखून होती. संभाजीही असाच डोलवायचा.

दोन महिन्यांनी वडगावच्या बँकेतून निरोप आला की मस्कतचे पैसे आलेत. खातं मुक्ताबाईंच्या नावावर होतं, आणि मुक्ताबाईंचा अंगठा. अंगठेवाल्या खातेदारानं स्वतः यायचं आणि आलेला कागद त्याला वाचून दाखवायचा, असा बँकेचा नियम. काउंटरवर होते अनंत रिसबूड. नारायण पेठेतून रोज लुनावर यायचे. त्यांच्या काउंटरवर 'कामाशिवाय बोलू नये' अशी पाटी नव्हती. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिल्यावर तिची गरज कुणाला वाटली नसावी.

रिसबुडांनी लखोटा फोडला, चष्मा नाकावर ओढला आणि मुक्ताबाईंना ऐकू जावं म्हणून खणखणीत आवाजात वाचलं. म्हातारीच्या कानांचा काही भरवसा नव्हता, त्यामुळं ते तिच्याबरोबर रांगेतल्या पंचवीसेक लोकांनीही ऐकलं. पाठवणार शकुंतला संभाजी. रक्कम आठशे रुपये. कशासाठी: विहिरीची जळालेली मोटार नव्या तारेनं भरून घेणे. पावती जपून ठेवणे.

संपतनं जरा पुढं सरकून, नरमाईनं विचारलं की साहेब, मोटारीचं मागनं बघता यील, सध्या दुसऱ्या एका कामाला लावले तर चालतील का.

"मी मोटार असं वाचलं," रिसबूड म्हणाले. "तुम्हाला दुसरं काही ऐकू आलं का?"

झालं. एवढ्या दोन वाक्यांत संपतला जे समजायचं ते समजलं. परदेशातला पैसा, सरकारी कागद, वर बँकेचा शिक्का, त्यावर काम लिहिलेलं. म्हणजे ते काम नाही केलं तर दिल्लीपर्यंत कळणार. त्यानं मुकाट्यानं मोटार भरून आणली. पुढच्या महिन्यात आईला घेऊन बँकेत आला तेव्हा, कुणी मागितली नसताना, मोटारवाल्याची पावती खिशातनं काढून काउंटरवर ठेवली. रिसबुडांनी ती उलटसुलट पाहिली, कानामागची लाल पेन्सिल काढली, पावतीवर बरोबरची खूण केली आणि कागद परत दिला. ती लाल खूण पाहिली आणि संपतच्या मनात उरलासुरला संशयही गेला. तपासणी होते तर.

तेव्हापासून रिवाजच पडला. दर महिन्याला लखोटा, वाचन, काम, पावती, लाल खूण. संपतनं पावत्यांसाठी एक पिशवी शिवून घेतली.

शकूच्या ओळी हळूहळू लांबायला लागल्या. 'सासूबाईंच्या दाढा काढणे. दोन्ही. एक काढून दुसरीवर भागवू नये.' 'मैनाला चष्मा. फ्रेम तिला आवडेल ती.' 'ओट्याची फरशी. संपतभावजींनी स्वतः उभं राहून बसवून घेणे, पारावरून नाही.' आणि एकदा, दिवाळीच्या महिन्यात, रिसबुडांनी त्याच कोरड्या आवाजात वाचलं, 'घरखर्च. यात बाटली धरलेली नाही.' रांगेत खसखस पिकली. संपत भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला, जणू त्याला एकादशी कधी ते पाहायचं होतं. मस्कतचा लखोटा साधारण कधी येतो याचा अंदाज लोकांना आला होता, आणि त्या दोनचार दिवसांत पासबुक भरायला येणाऱ्यांची संख्या वाढायची, असं बँकेचा शिपाईच सांगायचा.

संपतला एक कोडं सुटत नव्हतं. पावसाळ्यात गोठ्याची भिंत खचली, की पुढच्या लखोट्यात भिंतीचे पैसे. म्हातारीचा गुडघा धरला, की गुडघ्याच्या तेलाचे. समुद्रापलीकडं बसून चौथी शिकलेल्या बाईला गोठ्याची भिंत दिसते कशी? त्याच्या लेखी हा चमत्कार होता. आता, मैना दर पंधरवड्याला आईला पत्र लिहायची, दोन्ही बाजूंनी भरून, हे त्याला ठाऊक होतं. ते पत्र टपालात टाकायला तर तो स्वतःच जायचा. पण पोर आईला लिहून लिहून काय लिहिणार, मी बरी आहे, तू बरी अस, याच्या पलीकडं त्याची कल्पना कधी गेली नाही. सहा वर्षं हा गडी स्वतःच्या तक्रारी स्वतः नेऊन पेटीत टाकत होता, आणि पेटीचं झाकण नीट लागलं का तेही बघत होता.

बोकडाची गोष्ट घडली ती पंच्याऐंशीत. पैसे आले होते घराच्या पत्र्यांसाठी. जत्रा तोंडावर होती, मित्रमंडळी भरीला पडली, आणि संपतचा पाय घसरला. पोटाचं झालं ते झालंच. पण पोट बरं झाल्यावर जो लखोटा आला त्यानं त्याला खरं आडवं केलं. रिसबुडांनी वाचलं: 'पत्रे. मागच्या महिन्यातलेच. पुन्हा.'

एक शिवी नाही, जाब नाही. तेवढेच पैसे, परत. पुढं कळलं की त्या महिन्यात शकू दुपारची झोप टाकून शेजारच्या दोन बिऱ्हाडांची भांडी घासत होती. तेव्हा संपतला ते माहीत नव्हतं, तरी 'पुन्हा' हा शब्द त्याला घरी जाईपर्यंत पुरला. पत्रे त्यानं आठवड्याच्या आत ठोकले. पावसाचं पाणी घरात येईना, आणि गावात करणीची कथा सुरू झाली ती तिथून. संपतनं ती कधी खोडून काढली नाही. कारण त्याचं स्वतःचं मत फारसं वेगळं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली मैना दहावी झाली, चांगले मार्क घेऊन. आणि त्याच उन्हाळ्यात हडपसरच्या आप्पासाहेबांचं स्थळ चालून आलं. आप्पासाहेबांचा भाजीचा गाळा, दोन ट्रक, दारात जीप. मुलगा त्यांच्याच गाळ्यावर बसायचा. हुंडा नको म्हणाले, फक्त लग्न थाटात हवं, दोन हजार पान उठलं पाहिजे. शिवाय जाता जाता संपतच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एका टेम्पोत पाती, म्हणजे भागीदारी, देण्याचं बोलून टाकलं. मोटारसायकल मागे पडली, आता संपतच्या डोळ्यांपुढं टेम्पो उभा राहिला. पोरगी सोळा वर्षांची, अठराची व्हायला दोन वर्षं, पण तेव्हा असलं कोण मोजत होतं. संपतनं शब्द देऊन टाकला. मैना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चुलत्याच्या हातात नेहमीसारखं एक पत्र दिलं, टाकायला.

संपतनंही शेजारच्या मास्तरांकडून वहिनीला पत्र लिहवून घेतलं. सोन्यासारखं स्थळ आहे, नाही म्हणू नका, पंचवीस हजार पाठवा. दोन्ही पत्रं त्यानं एकाच पेटीत, एकाच वेळी टाकली.

पाच आठवडे काही आलं नाही. मग आलं. आप्पासाहेब त्या दिवशी जीप घेऊन मुद्दाम हजर होते, मंडपवाल्याला इसार तिथूनच द्यायचा होता. मुक्ताबाईंना जीपमधून आणलं. रांगेत पाय ठेवायला जागा नव्हती. रिसबुडांनी लखोटा फोडला, आधी मनात वाचला, जे ते कधी करत नसत, आणि मग मोठ्यानं वाचला.

रक्कम पंचवीस हजार. कशासाठी: मैनाचं कॉलेज आणि सायकल. लग्नाला यातला एक रुपया नाही.

मागितला होता तो आकडा पुरा पाठवला होता. वहिनीनं नाही म्हटलं असतं, निम्मे पाठवले असते, तर संपतला भांडता आलं असतं. आता त्यानं फक्त मान खाली घातली आणि आप्पासाहेबांना हळूच सांगितलं की जमत न्हाय, बघा, हे असं लिवून आलंय.

आप्पासाहेब हसले. त्यांची तीन बँकांत खाती. "पावनं, ह्ये काय कायद्याचं कलम हाय व्हय? खात्यावर पडला पैसा की म्हातारीचा झाला. ती त्याचं लगीन करंल, न्हायतर लोणचं घालंल." आणि ते संपतला दंडाला धरून थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये घेऊन गेले. मॅनेजर नवे होते, सज्जन होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की बँक पैसे खातेदाराला देते. खातेदारानं ते कशावर खर्च करावेत याच्याशी बँकेचा संबंध नाही. ती ओळ फक्त माहितीसाठी असते.

संपत केबिनमधून बाहेर आला. काउंटरपाशी येऊन त्यानं रिसबुडांना विचारलं, तुमी सहा वर्सं का न्हाय सांगितलं.

"काय सांगायचं होतं?" रिसबूड म्हणाले. "अंगठेवाल्या खातेदाराला कागद वाचून दाखवायचा, हा नियम. मी वाचला. अर्थ सांगावा असा नियम नाही."

"आन् ती लाल खूण?"

"कागद समोर आला की मी खूण करतो. बावीस वर्षं करतोय. परवा एका लग्नपत्रिकेवर केली."

रांगेत कुणीही हसलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

म्हणजे पोलीस नव्हते. दिल्ली नव्हती, तपासणी नव्हती. सहा वर्षं संपत ज्या कुंपणाच्या आत गुमान चरला ते कुंपण कुणी घातलेलंच नव्हतं. त्याला राग यायला हवा होता. आप्पासाहेब तर त्याच्या रागाची वाटच बघत होते. पण संपत तिथं काउंटरला टेकून एकेक आठवत राहिला. विहिरीचं पाणी रानात खेळत होतं. घर गळत नव्हतं. आई आता दाढ दुखत नाही म्हणून चणे चावायची. स्वतः तो गेल्या तीन वर्षांत गुत्त्याची पायरी चढला नव्हता. आणि हे सगळं कुणी केलं, तर लोकांच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या एका बाईनं, समुद्राच्या पल्याड उभं राहून, एका ओळीत. जवळ काठी नाही, हुकूम नाही, आवाज चढवायची सोय नाही. गावच्या पाटलाच्या सात पिढ्यांना संपतकडून एक फरशी बसवून घेता आली नसती.

तोवर इकडं मुक्ताबाईंच्या अंगठ्याला शाई लागली होती. पैसे काढायचा कागद समोर होता. म्हातारीनं अंगठा अधांतरी धरला आणि मान वळवून विचारलं, "संपत, द्यू का रं अंगुठा? तू म्हनशील तसं."

आप्पासाहेब म्हणाले, द्या हो, कशाला थांबता. संपतनं बगलेतली पिशवी पुढं घेतली. सवयीनं आणली होती. आत सहा वर्षांच्या पावत्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या, प्रत्येकीवर लाल खूण. त्यानं त्या बाहेर काढल्या नाहीत. नुसता वरून हात फिरवला.

"पूस त्यो अंगुठा, आये," तो म्हणाला. "सायकलीपुरतं काढायचं. नवा कागद घे."

आप्पासाहेबांची जीप गेली आणि तिच्याबरोबर टेम्पोही गेला. मुक्ताबाईंना घरी बसनं न्यावं लागलं, त्याबद्दल त्यांनी पुढं वर्षभर बोलून दाखवलं. सायकल त्याच आठवड्यात आली. मैना तिच्यावर बसून, पुलावरून मोठा वळसा घालून, कर्वेनगरच्या कॉलेजला जायला लागली. पहिले काही दिवस संपत रस्त्याच्या वळणापर्यंत तिच्यामागं चालत जायचा, चेन पडली तर बसवायला, असं म्हणायचा.

आणि पुढच्या महिन्यात, सगळं कळून चुकल्यावर, हा माणूस सायकलीची पावती घेऊन रिसबुडांच्या काउंटरवर हजर. आता तर गरज नव्हती. रिसबुडांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. पेन्सिल काढली. खूण केली. बारीक लक्ष ठेवून असणारे सांगतात की त्या दिवशी खूण नेहमीपेक्षा मोठी होती. असा तो पुढची पाच वर्षं पावत्या आणत राहिला. त्या पिशवीच्या जिवावरच त्याचं लग्नही जमलं. मुलीच्या बापानं पावत्या तासभर चाळल्या आणि म्हणाला, माणूस हिशेबी दिसतो. आता पाहुण्यांना खरी हकिगत कुणी सांगितली नाही, हे धायरीकरांच्या तोंडाला न शोभणारं झालं, पण झालं.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात शकू परत आली, ती कायमची. मैना डिग्री घेऊन एका औषधाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली होती. अकरा वर्षांत शकू दोनदाच येऊन गेली होती, म्हणून तिला बघायला अर्धं गाव लोटलं. लोकांच्या डोक्यात कुणी भरजरी बाई होती. उतरली ती तीच, जरा वाळलेली, हाताला तव्याचे चटके, कानात तेच जुने डूल. बायका तिच्याशी बोलताना उगाच आवाज खाली आणत होत्या, जशा देवळात आणतात.

चौथ्या दिवशी ती स्वतःच्या नावावर खातं उघडायला बँकेत गेली. संपत बरोबर होताच. रिसबूड तेव्हा निवृत्तीला आले होते. शकू समोर आली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना कुणासाठी उभं राहिलेलं बँकेनं पाहिलं नव्हतं, मॅनेजरसाठीसुद्धा नाही. त्यांनी फॉर्म पुढं केला, तिनं सावकाश, मोठ्या मोठ्या अक्षरांत तो भरला, आणि सही केली.

संपतच्या पोटात एक गोष्ट पाच वर्षं अडकून होती. ती तिथंच, सगळ्या रांगेदेखत, त्याच्या तोंडून निघाली. त्यानं विचारलं की वहिनी, त्या वळीला कायदा न्हवता, ती पाळलीच पायजे असं कुटं बी न्हवतं, ह्ये तुमास्नी ठावं व्हतं का.

शकूनं पेनाचं टोपण लावलं, पेन रिसबुडांना परत दिलं आणि मग दिराकडं वळून म्हणाली, "पयल्या म्हयन्यापास्नं ठावं व्हतं. कायदा असता, तर तुमी कवाच मोडला असता, भावजी."